मुंग्यांची नावं संपेपर्यंत

एका जंगलात एक नियम होता. पडद्यावर 'समाप्त' दिसलं की उठायचं. का, ते विचारायचं नाही.

बाळांनो, तुम्ही विचाराल, जंगलात पडदा कुठून आला? विचारा की, तुम्हाला कोण अडवतंय! एका गुहेत कोळ्यांनी दाट जाळं विणलं होतं. मुंग्या पानांवर चित्रं काढायच्या, काजवे मागून उजेड पाडायचे आणि जाळ्यावर वज्रकासव उडायचं.

वज्रकासव म्हणजे जगातलं एकमेव उडणारं कासव. शलाका नावाच्या तरुण साळूचा त्याच्यावर भारी जीव. त्याचे एकोणीस चित्रपट तिला तोंडपाठ. त्याच्या चित्रकथांची पानं तिने बिळात वाळवीपासून जपलेली. त्याच्यासारखंच पाठीवर केळीचं पान बांधून ती फिरायची.

"काटे टणक झाले, तरी हिचा पोरखेळ सुटेना," असं आत्या रानभर सांगायची.

विसावा भाग लागला, तेव्हा सोबतीला आत्या आली आणि घरातले थोरले अण्णाही आले.

"मी बघायला नाही, लक्ष ठेवायला आलोय," अण्णा म्हणाले आणि त्यांनी बरोब्बर मधली जागा धरली.

शेवटी सगळ्या जंगलाला वाचवून वज्रकासव धगधगत्या दरीत कोसळलं. अण्णांचे काटे ताठ उभे राहिले.

"गार आहे गुहा," ते पुटपुटले.

'समाप्त' दिसलं. सगळे उठले. शलाका बसूनच. जाळ्यावर मुंग्यांची नावं सरकायला लागली.

"ऊठ गं," आत्या म्हणाली.

"नावं संपू देत. नंतर अजून एक तुकडा असतो. वज्रकासव जगलं की नाही, ते त्यातच कळतं."

"मेलं ते! माझ्या डोळ्यांदेखत मेलं!"

"सातव्या भागातही मेलं होतं, आत्या. तू लगेच उठून गेलीस आणि दोन दिवस जेवली नाहीस."

"पोट दुखत होतं माझं!"

"आणि मुंग्यांची नावं काय वाचायची असतात?" अण्णा खेकसले.

"दोन तासांचं उडणं त्यांनी एकेका पानावर काढलंय, अण्णा. नावं तरी वाचावीत की."

"मला शिकवतेस? आज्यापणज्यांपासून समाप्त म्हणजे समाप्त! आत्ता उठली नाहीस, तर ही गुहा तुला कायमची बंद. आणि ती बिळातली पानं वाळवीच्या पुढ्यात टाकीन."

अण्णा बोललेलं करतात, हे शलाकाला ठाऊक होतं. तिने गुहेच्या दाराकडे पाहिलं. जाळ्याकडे पाहिलं. मग केळीच्या पानाची गाठ घट्ट केली.

"मी उठणार नाही," ती म्हणाली.

अण्णांनी ओरडायला तोंड उघडलं. तेवढ्यात शेवटच्या मुंगीचं नाव वर गेलं. जाळं काळंकुट्ट झालं. आणि त्या काळोखातून हळूच एक पाय बाहेर आला. कासवाचा.

अण्णांचं तोंड उघडंच राहिलं. आत्या मुकाट खाली बसली. मग अण्णाही बसले. गुहेत फक्त काटे उभे राहिल्याची सळसळ ऐकू येत होती.

तात्पर्य: मुलींनो, वडीलधाऱ्यांनी 'ऊठ' म्हटलं की निमूट उठावं. नाहीतर त्यांनाही पुढचं बघायला मिळतं, आणि मग एकविसाव्या भागाला मधली जागा तुमच्या वाट्याला येत नाही.