शिशाच्या पत्र्यावरचा मंत्र

बाईंनी ग्रीक मंत्र मोठ्याने म्हटला आणि भिंतीपलीकडचं रडणं थांबलं.

संध्याकाळी त्यांचं व्याख्यान होतं. प्राचीन ग्रीकांची जादू, त्यांचे देव आणि त्यांची कविता, असा तिहेरी विषय. ते उरकलं की विभागप्रमुख तडक बैठकीला जाऊन कॉलेजातला हा विषयच बंद करण्याचा ठराव मांडणार, अशी कुणकुण बाईंच्या कानावर आली होती. म्हणून भर दुपारी पडदे ओढून सराव चालला होता. एक अक्षर लांब, दोन आखूड. ओळ झोपाळ्यासारखी जायची नि यायची.

शेजारची सून बाळाला कडेवर घेऊन दारात आली. बाळाला दात येत होते आणि घरात कुणाच्याच डोळ्याला डोळा लागला नव्हता. "बाई, ते मघाचं परत म्हणता का?"

ही अंगाई नव्हे, हे बाईंनी तिला परोपरीने सांगितलं. पण बाळाने ओठ काढताच सुरुवात करावीच लागली. बाळ पेंगलं. त्याला सतरंजीवर ठेवता ठेवता सून तिथेच कलंडली. तिला शोधत सासूबाई आल्या, जरा टेकल्या आणि घोरू लागल्या. बाई थांबल्या की बाळ कुरकुरायचं, म्हणून त्या म्हणतच राहिल्या. पडद्यातून गाळून आलेला पिवळा उजेड, तिघांचे श्वास आणि ती जुनीपुराणी भाषा. सगळी खोली जणू संथ पाण्यावर तरंगत होती.

तेवढ्यात विभागप्रमुख बाईंना व्याख्यानाला न्यायला आले. बाईंनी ओठांवर बोट ठेवलं. बाळाने डोळे किलकिले केले, तसे साहेब चपापून सतरंजीवरच बसले. बाईंनी पुढची ओळ धरली. थोड्याच वेळात साहेबांचा चष्मा नाकावर घसरला.

म्हणता म्हणता बाईंचाही डोळा लागला. दोघांना जाग आली तेव्हा बाहेर दिवे लागले होते. सभागृह केव्हाच रिकामं झालं असणार. आता आपला विषय गेलाच, असं बाईंना वाटलं. साहेब मात्र कितीतरी वर्षांनी झोपल्यासारखे दिसत होते.

"काय हो, अर्थ काय याचा?" त्यांनी कुजबुजत विचारलं.

"शाप आहे, सर. शर्यतीआधी शिशाच्या पत्र्यावर कोरून पुरायचे. समोरच्याच्या घोड्यांचे पाय जखडले जाऊ देत, त्याला जागचं हलता येऊ नये."

साहेब हसून उठायला गेले. पण बाळ लोळत लोळत त्यांच्या मांडीवर आलं होतं आणि त्यांचा टाय त्याच्या मुठीत होता. त्यांनी तो हळूच ओढून पाहिला. बाळाने ओठ काढले.

"तुमची बैठक आहे ना, सर?" बाईंनी धीर करून विचारलं.

साहेबांनी मांडी नीट घातली.

"बसलीच आहे की," ते म्हणाले. "म्हणा पुढचं."