काळजी करण्यात येईल

मुलुंड पूर्वेच्या शीतलछाया सहकारी गृहनिर्माण संस्थेतील दुसऱ्या मजल्यावरच्या रत्नप्रभा धुरी यांना पृथ्वी तापत असल्याचा त्रास होऊ लागला. हा त्रास संस्थेतल्या इतर सभासदांनाही होता, पण ते तो एसी लावून मिटवत. रत्नप्रभाबाईंना एसी लावला की एसीची काळजी वाटे.

टीव्हीवर कुठे हिमनदी वितळली की यांचं जेवण तिथेच थांबे. मालवणकडच्या त्यांच्या गावात समुद्र माडांच्या मुळाशी आल्याचं दिराने फोनवर सांगितलं, त्या दिवसापासून तर घास उतरेना. डॉक्टरांनी रक्त तपासलं, छातीचा आलेख काढला आणि "काळजी करू नका" असं सांगितलं. औषध योग्यच होतं, पण ते कुठल्या दुकानात मिळतं हे त्यांनी लिहून दिलं नाही.

"अगो, तू जेवलंस नाय म्हणान दर्याचा पाणी खाली जातला काय?" नवरा गुणाजी विचारी.

"नाय जाणार. पण भूकच लागत नाय, त्येका मी काय करू?"

जीवाला थोडा थारा मिळे तो स्वयंपाकघराच्या खिडकीशी. खिडकीबाहेर सोसायटीचं जांभळाचं झाड होतं. त्याची जांभळं गाड्यांच्या टपांवर पडून डाग पडत, म्हणून गाडीवाले सभासद त्या झाडाचं नाव शत्रुराष्ट्रासारखं घेत. दोनदा तोडायला माणसं आली होती. दोन्ही वेळा रत्नप्रभाबाई ओल्या हातांनी, अनवाणी खाली धावल्या होत्या आणि बुंध्याला पाठ लावून उभ्या राहिल्या होत्या. एवढं एक झाड वाचलं तर आपण काहीतरी वाचवलं, असं त्यांना मनापासून वाटे.

वार्षिक सभेत त्या उठून बोलल्या. "संस्थेने झाडाची आणि एकूणच पर्यावरणाची काळजी घ्यावी, एवढंच माझं म्हणणं आहे." यानंतरचा विषय सामोसे असल्यामुळे ठराव एकमताने मंजूर झाला. सेक्रेटरी देवदत्त एका हाताने इतिवृत्त लिहीत होता आणि दुसऱ्या हाताने चटणीची पिशवी सोडवत होता. त्याने लिहिलं: काळजी करावी.

कमिटीच्या पुढच्या सभेत ते इतिवृत्त कायम झालं, आणि मग ते नोटीस बोर्डावर लागलं.

"देवदत्त, अरे, मी 'घ्यावी' म्हटलं होतं," रत्नप्रभाबाई म्हणाल्या.

"काकू, घेतली काय नि केली काय, काळजी ती काळजी ना?"

चेअरमन राजेश यांचं मात्र तसं नव्हतं. ते नियमाचे पक्के होते. "आता मिनिट्स कन्फर्म झालेत. बदल करायचा तर पुढच्या वार्षिक सभेत. तोपर्यंत करावीच लागेल. आपण रूल सोडून वागणारी सोसायटी नाही." हे ते जिन्यात बोलले. आग विझवायचं नळकांडं तिथेच, चपलांच्या कपाटामागे होतं.

मग अंमलबजावणी सुरू झाली. प्रत्येक फ्लॅटने पाळीपाळीने आठवडाभर संस्थेच्या वतीने काळजी करायची असं ठरलं. घरी बसून काळजी केल्यास मालिका मधे येतात, म्हणून सोसायटीच्या ऑफिसचा 'काळजी कक्ष' करण्यात आला. कक्षात हसण्यास मनाई होती. गृहकर्ज, मुलांचे मार्क, सासू अशा वैयक्तिक काळज्या ग्राह्य धरल्या जाणार नव्हत्या. एक कुटुंब त्यांच्या पाळीच्या आठवड्यात स्वित्झर्लंडला चाललं होतं. त्यांनी बर्फ प्रत्यक्ष बघून काळजी करू, असा अर्ज केला. 'घटनास्थळी काळजी' म्हणून तो मंजूर झाला.

एप्रिलमध्ये कक्ष तापू लागला. उकाड्यात मन एकाग्र होत नाही आणि एकाग्रतेशिवाय काळजी वरवरची होते, हे कमिटीला पटलं. कक्षात एसी बसवला. त्याचं गरम हवा फेकणारं धूड बाहेर, जांभळाच्या खाली टांगलं.

आणि रत्नप्रभाबाईंना खरोखरच हलकं वाटू लागलं. आजवर एकटीच्या छातीवर असलेला धोंडा आता सगळी बिल्डिंग मिळून उचलत होती. त्या चेअरमनना भेटून आभार मानून आल्या. घरी बांगड्याचं तिखलं पुन्हा चवीने खाल्लं जाऊ लागलं. दुपारी स्वयंपाकघराच्या खिडकीशी पाठ टेकली की डोळा लागे. टीव्हीवर हिमनदी आली तरी त्या म्हणत, "खाली बसलाय ना कोणतरी."

"बरा झाला," गुणाजी म्हणाला. "आता काळजी करूक सोसायटी आसा."

पण झाड ते झाडच. त्याची पानं आणि जांभळं त्या धुडात पडत राहिली आणि एक दिवस एसी बंद पडला. पाळी तिसऱ्या मजल्यावरच्या सुयोगची होती. तो तडक चेअरमनकडे गेला. "राजेशभाई, पंख्याखाली काळजी होत नाही यार. सगळा वेळ घाम पुसण्यातच जातो. असंच चाललं तर पर्यावरणाची वाट लागेल."

पर्यावरणाच्या काळजीत झाडाचा अडथळा होतो, असा निष्कर्ष निघाला. छाटणीची परवानगी आणली. परवानगी फांद्यांची होती. पण कमिटीने बारकाईने विचार केला, की खोड हे तरी काय, जमिनीला फुटलेली एक फांदीच. करवत घेऊन आलेल्या माणसांनी "कुठपर्यंत?" असं विचारलं, तेव्हा राजेश म्हणाले, "एसीला अडतंय तिथपर्यंत."

दुपारची वेळ होती. रत्नप्रभाबाई गाढ झोपल्या होत्या.

त्यांना जाग आली ती तोंडावर ऊन आल्यामुळे. या घरात आल्यापासून त्या खिडकीतून कधी ऊन आलं नव्हतं. क्षणभर त्यांना वाटलं, आपण दुसऱ्याच कुणाच्या घरात झोपलोय. मग त्या उठल्या आणि अनवाणीच खाली धावल्या. बुंधा गुडघ्याएवढा उरला होता, आणि सगळीकडे जांभळं चिरडून पडली होती.

त्यांनी काळजी कक्षाचं दार ढकललं. आत गारवा होता. दुरुस्त झालेला एसी मजेत चालला होता.

"सुयोग, अरे, तू इथेच होतास ना? करवतीचा आवाज आला नाही तुला?"

"आला ना काकू. जीव तुटत होता, आईशप्पथ."

"मग उठला का नाहीस?"

"माझी ड्युटी काळजी करायची आहे. उठलो असतो तर खंड पडला असता. आणि ठरावात 'घ्यावी' असं कुठेच नाही. तुम्ही स्वतः वाचलाय."

रत्नप्रभाबाई बुंध्यावर जाऊन बसल्या आणि ढसाढसा रडल्या. "मीच झोपले," त्या म्हणत राहिल्या. "मेली मलाच झोप लागली." गुणाजी त्यांच्या चपला घेऊन खाली आला. त्याने चपला त्यांच्या पायांशी ठेवल्या आणि स्वतःही शेजारी टेकला. ऊन मी म्हणत होतं आणि सावलीत बसा असं सांगायला सावलीच नव्हती.

कमिटीने तातडीची सभा घेऊन झाडाला श्रद्धांजली वाहिली. बाहेर फार तापत असल्यामुळे दोन मिनिटांची शांतता कक्षात पाळण्यात आली. झाड गेल्यामुळे काळजीत भरीव वाढ झाल्याचं चेअरमननी समाधानाने नमूद केलं. उरलेला बुंधा काढून मोकळ्या केलेल्या जागेत आता राजेश यांची गाडी उभी असते. तिच्या टपावर एकही डाग नाही.

हे वाचून आपल्यालाही हळहळ वाटली असेल. तशी नोंद घेण्यात आली असून आपली या आठवड्याची पाळी भरली, असे समजावे. बाहेर कसलासा घरघर आवाज येतोय म्हणता? येऊ दे. तुम्ही उठू नका, खंड पडेल.