साळिंदरबाईंची पोच

एका जंगलात सिंह नव्हता बाळांनो, विद्यापीठ होतं. हसू नका. तुमच्या गावात एसटी थांबत नाही, पण कॉलेज आहे ना? तसंच.

कुलगुरू होता गेंडा. त्याची निवड कातडी बघून झाली होती.

तिथे साळिंदरबाई फासेशास्त्र शिकवायच्या. म्हणजे शिकाऱ्याने लावलेला फासा ओळखायचा कसा. बाई सशांच्या पोरांना शेताच्या बांधावर न्यायच्या आणि दोरी हुंगायला लावायच्या. "माणसाच्या हाताचा वास नाकात बसला पाहिजे रे मेल्यांनो!" असं ओरडायच्या. तीस वर्षांत त्यांचा एकही विद्यार्थी फाशात सापडला नाही. त्यामुळे बाईंचं नाव कुणालाच ठाऊक नव्हतं.

एके दिवशी परिपत्रक आलं. "सर्व प्राध्यापकांनी अध्यापनात समाजमाध्यमे वापरून आपली पोच वाढवावी. ज्याची पोच कमी, त्याचा विषय बंद."

पोच म्हणजे काय म्हणता? आमच्या लहानपणी पोच म्हणजे अक्कल. कचेरीत पोच म्हणजे कागद मिळाल्याची सही. बाईंनी बिचाऱ्यांनी परिपत्रकावर ठसठशीत सही करून दिली. कारकून घूस हसून गडाबडा लोळली.

"अहो बाई, पोच म्हणजे किती जणांनी बघितलं ते!"

बाई कामाला लागल्या. विषय बंद झाला तर पोरं जिवानिशी जातील, हीच धास्ती. रोज सकाळी बांधावर जाऊन नव्या फाशाचा फोटो काढायच्या आणि ग्रुपवर टाकायच्या. खाली लिहायच्या, "यात दोरी कुठे आहे? आज कोणत्या वाटेने जायचं नाही?" अकरा ससे उत्तर द्यायचे. चुकलं की बाई पुन्हा समजावायच्या. चांगलं चाललं होतं हो!

पण शेजारच्या वर्गात माकड सर होते. त्यांचा विषय शेंडेशास्त्र. त्यांनी शेपटीला लटकून रील केलं. "फासा ओळखायच्या तीन ट्रिका! तिसरी बघून थक्क व्हाल!" तिसरी ट्रिक होती फाशाला डोळा मारणं. अख्खं जंगल बघत बसलं.

गेंडासाहेबांनी बाईंना बोलावलं.

"तुमचे अकरा. त्यांचे अकरा हजार. फासेशास्त्र आता माकड सर घेतील."

"साहेब, ते झाडावर राहतात. फासा जमिनीवर असतो!"

"बाई, तुम्ही फक्त पोचेचं बोला."

परीक्षाही सोपी झाली. रीलखाली अंगठा दिला की पास. पूर्वी अंगठा देणाऱ्याला अडाणी म्हणत, आता पदवीधर म्हणू लागले.

भुरक्या नावाचा ससा पहिला आला. पदवी घेऊन तो मित्रांबरोबर भुईमुगाच्या शेताकडे निघाला. वाटेत फासा दिसला. भुरक्याने त्याला झोकात डोळा मारला आणि पाय पुढे टाकला. दोरी आवळली.

मित्र धावले. दोरी कुरतडायला नव्हे, फोन घेऊन. लाइव्ह सुरू झालं. शेतापलीकडून शिकाऱ्याच्या काठीचा आवाज यायला लागला. माकड सरांनी झाडावरून बदाम पाठवला.

साळिंदरबाईंना राहवलं नाही. धापा टाकत आल्या, काटे फुलवून गर्दी हटवली आणि दातांनी दोरी तोडली. डोळ्यांत पाणी होतं त्यांच्या.

"पळ रे माझ्या राजा!"

भुरक्या जागचा हलला नाही.

"काय हो बाई! दोन मिनिटं थांबायचं ना! लाखाला चाळीसच कमी होते!"

आणि शेजारी उजेड बरा आहे असं बघून त्याने दुसऱ्या फाशात पाय घातला.

बाई पुन्हा दोरीला दात लावायला धावल्या. मित्रांनीच त्यांना मागे ओढलं. "बाई, फ्रेममधून बाजूला व्हा!"

शिकारी वेळेवर आला. मित्र पळाले. भुरक्याला दोन लाख बघे मिळाले, पण तो आकडा बघायला भुरक्या उरला नव्हता.

माकड सरांना आदर्श शिक्षक पुरस्कार मिळाला. ऑनलाइन तासात व्यत्यय आणल्याबद्दल साळिंदरबाईंना नोटीस मिळाली.

तात्पर्य: बाळांनो, फासा ओळखता नाही आला तरी बिघडत नाही. अडकताना तेवढं तोंड उजेडाकडे ठेवावं.