ताडपत्रीखालचा पाहुणा

"हे बघ पुरू, बुवा घरात असेपर्यंत शिकारीचं नाव काढायचं नाही," शरयूने शुक्रवारी संध्याकाळी नवऱ्याला बजावलं. "धनुष्य नाही, बाण नाही, मचाण नाही, हरिण नाही. आपल्याकडे पहिल्यांदा कीर्तन होतंय. साठ माणसं येणार आहेत. माझं नाक कापू नकोस."

"मी काय बोलणार? सहा वर्षांत सांगण्यासारखं घडलंय काय?"

"तेसुद्धा सांगू नकोस."

पुरुषोत्तम प्रधानने मान डोलावली. माणूस मूळचा अलिबागचा, सामिष घरातला, अमेरिकेत मॉरिसव्हिलला एका सॉफ्टवेअर कंपनीत नोकरीला. दोन हजार साली ऑफिसातल्या डेलने त्याला आपल्या काकाच्या शेतावर नेलं, हातात धनुष्य दिलं आणि झाडावरच्या मचाणावर बसवलं. तेव्हापासून दर सप्टेंबरात शनिवारी पहाटे हा गृहस्थ झाडावर जायचा आणि दुपारी रिकाम्या हाताने खाली यायचा. पहिल्या वर्षी त्याला डुलकी लागली. दुसऱ्या वर्षी हरिण आलं आणि नेमकी शिंक आली. तिसऱ्या वर्षी डेलने त्याचं जॅकेट हुंगून विचारलं, "तुझ्या घरी गॅस लीक होतोय का?" तो हिंग होता. रोजची फोडणी त्या जॅकेटात मुरली होती, आणि अर्ध्या मैलावरच्या हरणाला आज प्रधानांकडे आमटी आहे हे कळत होतं. मग त्याने कपडे गॅरेजमध्ये पालापाचोळ्यात पुरून ठेवले, बिनवासाचा साबण आणला. पण फोडणी केसांत राहिली, कातडीत राहिली. मराठी मंडळातले लोक भेटले की विचारायचे, "काय प्रधान, यंदा हरणांनी ईमेल तरी केली का?"

तो हसायचा. पण आपण जे मनापासून करतो ते एकदा तरी साधावं आणि कुणीतरी आपल्याला शेजारी बसवून "सांग रे, कसं झालं" असं म्हणावं, एवढीच त्याची भूक होती. ही भूक फार मोठी नव्हे. पण भागत नाही तोवर माणसाला स्वस्थता नसते.

शनिवारी बुवांचं विमान अकराला होतं. "नऊपर्यंत परत येतो," असं सांगून पुरुषोत्तम पहाटे निघाला. बुवांना आणायला घालायचा पांढरा झब्बाही त्याने गाडीत टाकला.

आणि त्या दिवशी पावणेआठला हरिण आलं.

कोवळा नर होता, बोटभर दोन शिंगं. ओढ्याकडून चालत आला, मचाणाखाली थांबला, त्याने नाक वर करून वारा हुंगला. पुरुषोत्तमला वाटलं, आता पळणार. हरिण पळालं नाही. कसं पळेल? कीर्तनासाठी शरयूने घर धुऊन काढलं होतं आणि आठवडाभर स्वयंपाकघराला कुलूप घातल्यासारखं केलं होतं. सगळा प्रसाद मंडळातल्या शैलजाच्या घरी शिजत होता, आणि प्रधान कुटुंब सहा दिवस ब्रेड-जॅमवर होतं. सहा वर्षांत पहिल्यांदाच पुरुषोत्तमला कसलाच वास नव्हता.

बाण सुटला. वीस यार्ड. हरिण चार उड्या मारून झाडीत दिसेनासं झालं.

अर्धा तास थांबायचं, मग माग काढायचा, हे डेलने शिकवलेलं. ते त्याने केलं. पडलेल्या जनावरापुढे आधी हात जोडले; का ते त्याचं त्यालाही सांगता आलं नसतं. मग आतडी काढायला पुस्तक उघडून बसला, त्यात तास गेला. ओढत गाडीपर्यंत आणण्यात दुसरा. मिनीव्हॅनच्या मागच्या सीटा पाडून, हरिण निळ्या ताडपत्रीत गुंडाळून, पेट्रोल पंपावरून घेतलेल्या बर्फाच्या आठ पिशव्या त्यावर रचल्या तेव्हा साडेदहा वाजले होते. मांस कापून देणाऱ्याचं दुकान शनिवारी बाराला उघडायचं. बुवा अकराला उतरणार. हिशोब सोपा होता: बुवांना घ्यायचं, दहा मिनिटांवर घरी सोडायचं, गाडीचं मागचं दार कुणाला उघडू न देता दुकान गाठायचं. पंपावरच्या आरशात बघून त्याने झब्बा चढवला. खाली पानापानांची शिकारी विजार तशीच राहिली.

विमानतळाच्या दारात राजारामबुवा उभे होते. वय पासष्टीचं, डोक्याला फेटा, खांद्यावर उपरणं, पायाशी बॅग आणि हातात जिवापाड जपलेली बाजाची पेटी. पुरुषोत्तमने वाकून नमस्कार केला.

"यशस्वी व्हा," बुवा म्हणाले.

"झालो," पुरुषोत्तमच्या तोंडून निघून गेलं.

बुवा पेटी घेऊन गाडीच्या मागे वळले.

"मागे नको! बुवा, मागच्या दाराला हात लावू नका!"

तो इतक्या जोरात ओरडला की शेजारच्या टॅक्सीवाल्यानेही आपल्या दारावरून हात काढला. बुवा दचकले आणि मुकाट्याने पुढच्या सीटवर बसून त्यांनी पेटी मांडीवर घेतली. बसता बसता त्यांचं लक्ष पुरुषोत्तमच्या नखांकडे गेलं. मग झब्ब्याच्या बाहीकडे. मग मान जरा वळवून मागच्या लांबट निळ्या गाठोड्याकडे. ताडपत्रीतून लालसर पाणी ठिबकत होतं.

गाडी निघाली आणि शरयूचा फोन आला.

"अरे, एवढ्यात आणू नकोस बुवांना! इथे रांगोळी व्हायचीय, शैलजाच्या ओव्हनमध्ये काहीतरी जळलंय, साथीला बसणाऱ्या अनीशचा तबला सापडत नाहीये. तासभर कुठेतरी फिरवून आण."

"तासभर? अगं, उन्हात—"

"एसी आहे ना गाडीला? मग झालं. नंतर बोलू."

एसी होता. पण मागचा बर्फ आधीच वितळायला लागला होता. सहा वर्षांची तपश्चर्या डोळ्यांदेखत नासणार! पुरुषोत्तमने देवाचं नाव घेतलं आणि घराचा रस्ता सोडून गाडी गावाबाहेर काढली.

"घर कुठेशी आलं?" पंधरा मिनिटांनी बुवांनी विचारलं. बाहेर एव्हाना घरं संपून दाट पाइनचं रान लागलं होतं.

"घर मागे राहिलं बुवा. जरा एक छोटंसं काम आहे. आडबाजूला आहे."

"आणि ते मागे... काय आहे?"

"सामान."

तेवढ्यात डेलचा फोन आला. पुरुषोत्तमला सकाळपासून कुणाला तरी सांगायचं होतं. तो इंग्रजीत भडाभडा बोलत सुटला. हो, गाडीतच आहे. सहा वर्षं वाट पाहिली त्याची. एकाच फटक्यात गेला, थेट काळजात. नाही नाही, बायकोला पत्ताच नाही अजून.

बुवांचं इंग्रजी बेताचं होतं, पण एवढं समजायला पुरेसं होतं. त्यांचा चेहरा खडूसारखा झाला. पुढे सिग्नल लाल झाला, पुरुषोत्तमने ब्रेक दाबला, आणि मागचं गाठोडं सरकत येऊन धप्पकन बुवांच्या सीटला आदळलं.

"विठ्ठल विठ्ठल विठ्ठल विठ्ठल!" बुवांनी डोळे मिटून गजर सुरू केला.

पुरुषोत्तमला भरून आलं. केवढी ही भक्ती! प्रवासाचा शीण नाही, चहाची तक्रार नाही, सिग्नलला गाडी थांबली तरी नामस्मरण! त्यानेही स्टिअरिंगवर ठेका धरला आणि सूर मिसळला. तो जसजसा रंगत गेला तसतसा बुवांचा आवाज कापरा होत गेला. असा आर्त गजर त्याने यापूर्वी कधीच ऐकला नव्हता.

दुकान म्हणजे रानाच्या कडेची एक पत्र्याची शेड. गाडी थांबताच आतून सहा फुटांचा, छातीपर्यंत दाढीचा माणूस रबरी अॅप्रन बांधून बाहेर आला. हातात वीतभर सुरी होती.

"आलो बुवा! पाच मिनिटांचं काम."

बुवा उतरले नाहीत. पेटी छातीशी धरून हळूच म्हणाले, "प्रधान, एक विनंती होती."

"बोला ना."

"मी कुणाला काही सांगणार नाही. माझं कुणाशी वैर नाही. तरीही तुमचं काही ठरलंच असेल, तर ही पेटी साताऱ्याला माझ्या नातीला पोचवा. देवयानी नाव तिचं. तिचा आवाज गोड आहे."

"पोचवतो की," पुरुषोत्तम गोंधळून म्हणाला. "पण तुम्हीच परत जाणार आहात ना महिन्याभराने?"

"जाणार आहे?"

"म्हणजे काय!"

एवढ्यात दाढीवाल्याने मागचं दार उघडून ताडपत्री बाजूला केली. बुवांनी एक डोळा किलकिला करून मागे पाहिलं. चार खूर दिसले. दोन कान. बोटभर दोन शिंगं.

"हरिण?" बुवा ओरडले. "हरिणच ना? आणखी कुणी नाही ना खाली?"

"नाही हो! एकच मिळालं."

साठ वर्षं कांदासुद्धा न शिवलेले राजारामबुवा गाडीतून धावत उतरले आणि पुरुषोत्तमला त्यांनी कडकडून मिठी मारली. "धन्य आहात! हरिण मारलंत! वा, वा! पांडुरंगाची कृपा!"

मग कुठे पुरुषोत्तमच्या डोक्यात उजेड पडला. आधी तो लाजेने अर्धा झाला. मग शेडबाहेरच्या बाकावर बसून त्याने सगळं कबूल केलं: सहा वर्षं, शिंक, हिंग, ब्रेड-जॅम.

"थांबा," बुवा म्हणाले. "कीर्तन ठरलं म्हणून फोडणी बंद. फोडणी बंद म्हणून हरिण फसलं. म्हणजे या पापात आमचाही वाटा?"

"तसं नाही बुवा..."

"तसंच आहे. पुण्यात वाटा मागणारे मला रोज भेटतात. पापात कुणी घेतलं नव्हतं." ते खुदकन हसले आणि मग गंभीर झाले. "मी खात नाही, मारणं मला रुचतही नाही. पण सहा वर्षं? एका झाडावर? न हलता, न बोलता? अहो, मी तीस वर्षं लोकांना सांगतोय, घटकाभर एका जागी बसा, मन एका ठिकाणी लावा. आजवर एकही बसला नव्हता."

दुकानाची एक रीत होती. पहिलं हरिण आणणाऱ्याचा फोटो काढून तो भिंतीवर लावायचा. दाढीवाल्याने बुवांनाही ओढलं. ठिपक्याठिपक्यांच्या टोप्या घातलेल्या शंभर शिकाऱ्यांच्या त्या भिंतीवर आता एक फेटाही आहे.

"एक कृपा करा बुवा," परतताना पुरुषोत्तमने हात जोडले. "शरयूला कळता कामा नये."

"माझ्याकडून? नाव नको!"

बुवांनी हे मनापासून सांगितलं होतं. पण कीर्तनकाराच्या पोटात दृष्टांत टिकत नाही, हे दोघेही विसरले.

चारला कीर्तन सुरू झालं. अनीशचा तबला सापडला होता, दिवाणखाना भरला होता. पूर्वरंगात बुवांनी एकाग्रतेचा विषय घेतला. जरा वेळ बरं चाललं. मग पहिल्या रांगेत एकाने घड्याळ पाहिलं, दुसऱ्याने मोबाइल काढला, आणि बुवांच्या अंगात वीज शिरली.

"घड्याळ बघता? अहो, याच गावात एक गृहस्थ सहा वर्षं झाडावर बसले! थंडीत बसले, वाऱ्यात बसले! शिंक आली, गिळली! आणि आज सकाळी, श्रोतेहो, झाडी हलली..." त्यांनी चिपळ्या वाजवल्या. "...आणि बाहेर आलं हरिण! कसं? हातहातभर शिंगं!"

साठ माना एकदम पुरुषोत्तमकडे वळल्या. एकसष्टावी, शरयूची, सगळ्यात सावकाश वळली. पुरुषोत्तमने सतरंजीतला एक धागा निरखून पाहायला घेतला. पण मनात म्हणालाच: संपल्यावर विचारतील. आता तरी कुणीतरी विचारेल, कसं झालं म्हणून.

आरती झाली, आणि खरंच एकेकजण त्याला बाजूला घ्यायला लागला.

"प्रधान, दोन पाउंड ठेव हां. हिला बोलू नकोस," अनीश कुजबुजला.

"भाऊजी, आमच्याकडे सासूबाई आहेत, पण पुढच्या आठवड्यात त्या परत जातायत," शैलजा म्हणाली. "तीन द्या."

मंडळाच्या अध्यक्ष शोभनाकाकूंनी तर कपाळाचा बुक्काही न पुसता विचारलं, "खिमा करून मिळतो का रे?"

रात्री शरयूने यादी केली. हरणाचं मांस तीस पाउंड होणार होतं, मागणी एक्केचाळीसची होती.

"चिडलीस?" त्याने घाबरत विचारलं.

"चिडणार होते. पण शोभनाकाकू मला मिठी मारून गेल्या रे! आठ वर्षांत पहिल्यांदा." तिने यादी पुन्हा वाचली. "अकरा पाउंड कमी पडतायत. पुढच्या शनिवारी जातोयस ना?"

सगळ्यांना कळलं होतं. सगळे खूश होते. आणि ते कसं झालं, हे एकानेही विचारलं नव्हतं.

रविवारी सकाळी तो बुवांना पुढच्या कीर्तनासाठी शार्लटला सोडायला निघाला. गाडी धुतलेली होती, पेटी मागे ऐसपैस झोपली होती. हायवे लागल्यावर बुवांनी उपरणं सावरलं, चपला काढल्या आणि सीटवर मांडी घालून ते त्याच्याकडे वळून बसले.

"हं. काल घाईत राहिलं. आता सांगा, पहिल्यापासून. पहाटे निघालात, तेव्हा चांदणं होतं?"

पुरुषोत्तमने गाडीचा वेग थोडा कमी केला. मग त्याने सुरुवात केली. चांदणं सांगितलं, ओढ्यावरचं धुकं सांगितलं, खारीचा आवाज काढून दाखवला. आयुष्यभर दुसऱ्यांना कथा सांगणारा तो माणूस "अहाहा" म्हणत होता, "मग?" म्हणत होता, मांडीवर थाप मारत होता. पुरुषोत्तम रंगत गेला.

"...आणि बुवा, धुक्यातून आधी नुसती शिंगं दिसली. ही एवढी, कोपरापर्यंत!"

बुवा थांबले. "काल ती बोटभर होती."

पुरुषोत्तम ओशाळला. "चुकलो बुवा. बोटभरच होती."

"छे, छे, वाढू द्या," बुवांनी धंद्यातल्या माणसाला सांगावं तसं सांगितलं. "फक्त एकदम वाढवू नका. शार्लट अजून शंभर मैल आहे."