लापेरोत कुळाची उंबरठ्यावरील फत्ते

लापेरोत नामे कुळ कोठे उपजले, कैसे मुलूखभर पसरले आणि त्यापायी भर उन्हाळ्यात कैसा रणकल्लोळ माजला, त्याची साद्यंत हकीकत येणेप्रमाणे. ऐकणाराने हसू आवरावे. कुळातल्यांस ते साधले नाही.

फ्रान्स देशी लिमुझाँ प्रांती डोंगरकपारीस चार धुराड्यांची वस्ती. तेथील दगडी घराचे खावंद ऑन्सेल्म आजोबा आणि त्यांची नात मागाली. ती नाकावर राग बाळगोन, शाळेच्या मुलखातून खुशीने माघार घेऊन, आजोबांच्या शेळ्यांवर सरनौबती करीत असे. सालाबाद सारे लापेरोत एके ठायी जेवावे, ऐसा रिवाज. त्या साली मसलत पडली की कुळाचे मूळ घर ठरवून तेथे नावाची शिळा बसवावी. मग त्यूल शहरीचे निवृत्त वकील गोंत्राँराव टाय बांधोन, मोटारींचा तांडा घेऊन चालून आले आणि दावा मांडिला की मूळपुरुष त्यूलच्या पुलापासच्या थोर दगडाजवळ राहे, सबब त्या प्रांतीच्या बोलीत 'दगडापासचा' म्हणजेच लापेरोत हे नाव तेथेच पडले. आजोबांनी आपल्या अंगणातला दगड पुढे केला, तो गोंत्राँराव हसोन वदले,

"अहो दादा, दगडाचं काय घेऊन बसलात? आपल्याकडे बटाट्यांपेक्षा दगडच जास्त निघतात!"

आणि हे खरे होते.

मागाली सावध जाहली. आदले रोजी आजोबांनी बजाविले होते, "शिळा दुसरीकडे गेली तर मी घर विकतो. मूळच नाही तर नुसत्या भिंती कशाला राखू? आत्याच्या फ्लॅटात जाऊन राहू. तूही गपचूप शाळेत जाशील." म्हणोन घर, शेळ्या आणि मोकळे रान, ऐसे तिचे अवघे राज्य त्या शिळेखाली अडकले होते. मग मागालीने कोणाचा सल्ला न घेता, सूप वाढावयाचा डाव उगारोन एकटीने हल्ला चढविला.

"काका, तुमचा दगड म्हणजे गटाराचं झाकण आहे, झाकण!"

या पराक्रमाचे फळ ऐसे जाहले की कुंपणावरचे होते तेही तमाम गोंत्राँरावांस जाऊन मिळाले.

मग जेवण बसले. सूप तळास लागले की वाडग्यात तांबडी वाइन ओतावी आणि वाडगे तोंडी लावून रिचवावे, ऐसा त्या प्रांतीचा शिरस्ता. बाटल्या मेजावर हाताशी होत्या. तरी एकाएकी सारे लापेरोत वाडगी घेऊन उठले आणि दाराकडे कूच करिते जाहले. सुना-जावई तेवढे जागचे हलले नाहीत. उंबरठ्यावर ऐसी गर्दी उसळली की कोपरास कोपर भिडले आणि गोंत्राँरावांचा टाय परक्या सुपात बुडाला.

मागालीचे डोळे चमकले. "काका, वाइन तर टेबलावर आहे. तुम्ही उठलात कशाला?"

"कशाला म्हणजे? आमच्याकडे दारातच पितात. बाबा प्यायचे, आजोबा प्यायचे."

"पण का?"

"का... उगाच!"

"आमच्याकडेही दारातच!" चहूकडून गलका जाहला.

तेव्हा मागालीने दाराशेजारचा गोणपाट फर्रकन ओढिला. आत भिंतीत कोरलेला कोनाडा, कोनाड्यात वाइनचे पुराणे पिंप, आणि पिंपाची तोटी थेट उंबरठ्यावर.

"पिंप दारात आहे, म्हणून आम्ही दारात येतो. त्यूलला तुमच्या दारात काय आहे?"

"छत्र्या," गोंत्राँरावांच्या पत्नीने मेजावरूनच फितुरी केली.

गोंत्राँरावांनी ओला टाय पिळिला आणि अखेरचा बाण सोडिला. "बरं, मूळ इथलं. मग सगळे सोडून का गेले?"

आजोबा म्हणाले, "तोटी एक, उंबरठा हा एवढासा, आणि लापेरोत म्हटला की त्याला पहिलं वाडगं हवं. भांडून गेले, दुसरं काय!"

जो तो आपले कोपर शेजाऱ्याच्या बरगडीतून हळूच काढू लागला.

मग एकमुखे ठराव जाहला, की शिळा येथेच बसावी, घर विकू नये, आणि मूळ घराचा मान म्हणोन दरसाल जेवण येथेच पडावे व भांडी यजमानांनी घासावी. हे शेवटले कलम मागालीने जयघोषाच्या भरात ऐकिले नाही.

ऐसी लापेरोतांनी लापेरोतांवर फत्ते केली. घर राहिले, शेळ्या राहिल्या, आणि सरनौबत मागाली खरकट्या वाडग्यांच्या डोंगराआड, कोपरापर्यंत फेसात, विजयी मुद्रेने शिव्या देत राहिली.