आई घरात नाही

आईचा चेहरा सहाच्या आत पाठवायचा होता आणि गेममधली आई काही केल्या आईसारखी दिसेना. चंदना रडकुंडीला आली.

बोरगावची ही मुलगी बेळगावातल्या एका वेबसाइटसाठी व्हिडिओ गेमवर लिहायची. बारा वर्षांत तिने गेममध्ये हजारो गोरे शिपाई पाहिले, पण डोक्यावर पदर घेतलेली एकही बाई भेटली नाही. आपलं माणूस तिथे कधी दिसेल, याची तिला हुरहूर लागलेली असे. नव्या गेममध्ये म्हणे हवा तो चेहरा घडवता येत होता. संपादक नागेंद्र म्हणाले, "तुझ्या आईलाच बनव. लेखावर मोठा फोटो टाकतो."

तीन तास खपून सावळा रंग, रुंद कपाळ, डोळ्यांखालची काळी वर्तुळं जमली. साडी नव्हतीच, गेममधल्या एका पुरोहिताचं उपरणं तिने पदर म्हणून डोक्यावर ओढलं. आणि एकदम आई समोर उभी राहिली. चंदनाचे डोळे भरून आले.

"दिवस बुडायच्या आत जेवून घे गं!" खरी आई, राजश्रीबाई, आत आली. जैनाच्या घरात या हुकमावर अपील नसतं.

"हितं बस. काय दाबू नको. ही तू हैस."

"मी? अगं बाई!"

चंदनाने स्वयंपाकघरात जाऊन दोन घास घेतले असतील, तोच बाहेरच्या खोलीतून आईचा आवाज आला. "डोळ्याखालचं काळं गेलं बघ!"

"आई, राहू दे ते!"

"लोक म्हणतील, हिला झोप मिळत न्हाय."

"मिळत न्हाय न्हवं?"

"ते जगाला कशाला सांगायचं? अगं, केस बी गेलं की!"

ताटात टाकून उठायची सोय नव्हती. घास कोंबत चंदना धावली, तेव्हा तांबड्या आखूड केसांची, हिरव्या डोळ्यांची बाई घोड्यावरून डोंगर चढत होती. जुना चेहरा पुसला गेला होता.

"माझी आई कुठं हाय?"

"हीच की."

"ही तुझ्यासारखी न्हाय!"

"माझ्यासारखी कशाला? दिवसभर ह्या घरात मीच असतीया. तिथं बी मीच?"

चंदना आईशेजारी बसली. जवळच्या निपाणीला जायचं तरी आई कुणीतरी नेईल म्हणून दारात थांबायची.

"डोंगरापल्याड काय असंल गं?" आईने विचारलं.

"बघ की जाऊन."

सहा वाजले. नागेंद्रांचा फोन आला. "आईचा फोटो कुठाय?"

"आई घरात न्हाय, सर," चंदना म्हणाली. "घोड्यावरनं गेलीया."