थॉर्नबेकच्या टेकडीवरची रांग

फोटो काढायचा तो खऱ्या कॅमेऱ्यानेच, मोबाइल घरी ठेवायचा, असं क्लिफर्ड हेलिवेलने ठरवलं आणि तिथूनच सगळं बिनसलं.

थॉर्नबेक गावाचं दरवर्षी एक कॅलेंडर निघतं. बारा महिने, बारा फोटो, सगळे गावकऱ्यांनी काढलेले. पोस्टाच्या खिडकीमागे बत्तीस वर्षं काढून निवृत्त झालेला क्लिफर्ड गेली सात वर्षं त्यासाठी फोटो पाठवत होता आणि सात वर्षं ते साभार परत येत होते. (एकदा तर आभारही नव्हते, नुसताच फोटो.) त्याने मेंढ्या टिपल्या, धुकं टिपलं, धुक्यातल्या मेंढ्या टिपल्या. कमिटीला प्रत्येक वेळी धुकंच दिसलं.

यंदा त्याच्या बायकोने, ब्रेंडाने, निकाल लावला. "हे शेवटचं, क्लिफ. या वेळी तुझा फोटो लागला नाही, तर शनिवारी चर्चच्या जुन्या सामानाच्या विक्रीत कॅमेरा जाणार. तिपाईसकट."

"तू असं करणार नाहीस."

"तुझ्या अकॉर्डियनला विचार."

क्लिफर्डचं अकॉर्डियन मागे याच विक्रीत गेलं होतं. फोटो पाठवायची मुदत शुक्रवारी दुपारी बारापर्यंत होती. शुक्रवारी सकाळी नऊलाच गडी टेकडीवर हजर. जागा त्याने वर्षभर हेरून ठेवली होती. दोन्ही बाजूंना छातीएवढ्या दगडी भिंती, मधून जेमतेम एक माणूस जाईल अशी पायवाट, आणि ती जिथे आडव्या भिंतीला भिडते तिथे भिंत ओलांडायला तीन दगडी पायऱ्या. तिथून खाली अख्खं खोरं दिसतं. नदी, एकुलतं एक कोठार, उतारावर शिंपडल्यासारख्या मेंढ्या. कमी होतं ते फक्त ऊन. क्लिफर्डने पायरीशी तिपाई रोवली, तिच्यावर कॅमेरा चढवला आणि तो ढगांकडे डोळे लावून उभा राहिला.

दहा मिनिटांनी पिवळ्या रेनकोटमधली एक बाई आली आणि त्याच्या मागे, बरोबर दोन हातांवर, थांबली.

"तुम्हाला पलीकडे जायचंय का? मी होतो बाजूला."

"छे छे, तुमचं होऊ द्या आधी!"

"मला जरा वेळ लागेल हो."

"लागू द्या की. घाई कुणाला आहे?"

(तिलाच होती. तिची सव्वादहाची बस होती. पण अनोळखी माणसाला 'मला घाई आहे' म्हणणं म्हणजे त्या गावात जवळजवळ शिवी.)

मग एक जोडपं आलं. मग कुत्रा घेऊन एक मिशाळ गृहस्थ. मग काठ्या टेकत एक भलामोठा गिर्यारोहण क्लब. पायवाटेला वळण असल्यामुळे मागच्यांना रांगेचं तोंड दिसेना, त्यामुळे रांगेबद्दलचा आदर आणखीच वाढला. रांग कसली, हे कुणी विचारेना. विचारायचं म्हणजे आपल्याला माहीत नाही, हे कबूल करायचं!

"पुढे म्हणे दुर्मीळ घुबड आहे."

"मी तर ऐकलं, चहा आहे."

"मग थांबायला हरकत नाही."

एका सायकलवाल्याने अंग चोरून पुढे सरकायचा प्रयत्न केला. "ओ साहेब! रांग दिसत नाही का?" मिशाळ गृहस्थ गरजले. बाकी सगळ्यांनी एकदम 'च् च्' केलं. खालच्या मेंढ्यांनी माना वर केल्या. सायकलवाला तीनदा माफी मागून शेपटाला गेला.

साडेदहाला ढग फाटला. ऊन खोऱ्यात असं सांडलं, की क्लिफर्डचा श्वासच अडकला. त्याने बटण दाबलं. काही नाही. पुन्हा दाबलं. कॅमेरा मख्ख. बॅटरी घरी टोस्टरशेजारी चार्जिंगला लावलेली होती.

"क्लिफ! बॅटरी विसरलास रे!" वळणामागून ब्रेंडाचा आवाज आला.

"देव पावला! आण इकडे लवकर!"

"कशी आणू? माझा तेविसावा नंबर आहे!"

"अगं, ही रांग माझीच आहे!"

"रांग कुणा एकाची नसते," मिशाळ गृहस्थ म्हणाले.

"मी त्यांची बायको आहे हो," ब्रेंडा चाचरत म्हणाली.

"असाल. पुढे घुसायला लोक काय वाट्टेल ती नाती सांगतात."

"मग हातोहात तरी पुढे पाठवा!" क्लिफर्ड ओरडला.

"आज बॅटरी पुढे जाईल, उद्या अख्खा माणूस जाईल," मिशाळ गृहस्थ म्हणाले.

"त्यांचं बरोबर आहे, क्लिफ," ब्रेंडा लाजून म्हणाली.

शेवटी क्लिफर्ड स्वतःच मागे धावला. बॅटरी हिसकावली आणि परत निघाला, तर मिशा आडव्या.

"कुठे चाललात?"

"माझा पहिला नंबर आहे!"

"होता. रांग सोडली की नंबर गेला."

बत्तीस वर्षं खिडकीतून हेच वाक्य क्लिफर्ड स्वतः लोकांच्या तोंडावर मारत आला होता. तो शेपटाला, ब्रेंडाच्या मागे जाऊन उभा राहिला. कॅमेरा आणि तिपाई हातोहात त्याच्यापर्यंत आली. (मागे जाणाऱ्या सामानाला कुणाची हरकत नव्हती.)

आता पुढे रेनकोटवाली पहिली. तिला खरं तर नुसतंच पलीकडे जायचं होतं. पण आधीचे गृहस्थ फोटोच्या तयारीत होते, म्हणून तिनेही मोबाइल काढला, एक फोटो घेतला आणि भिंत ओलांडली. तिच्या मागच्यानेही तेच केलं. झालं! एकेक जण पायरी चढे, 'वा!' म्हणे, फोटो काढे, उतरे. ऊन अजून टिकून होतं. क्लिफर्ड देवाचा धावा करत होता.

पावणेबाराला ब्रेंडाचा नंबर आला.

"ब्रेंडा, बाजूला हो, मला आधी घेऊ दे."

ब्रेंडाने मागे पाहिलं. क्लिफर्डच्या मागे एव्हाना आणखी अकरा जण येऊन उभे होते. "लोक काय म्हणतील रे!" ती कुजबुजली, पायरीवर चढली, तिने मोबाइलवर फोटो काढला, सहज म्हणून तिथूनच कमिटीला धाडला आणि पलीकडे उतरली.

क्लिफर्ड चढला. त्याने डोळा लावला. ढग आला. क्लिफर्डने धुकं टिपलं.

संध्याकाळी निकाल चर्चच्या दारावर चिकटला. जून महिना, ब्रेंडा हेलिवेल. क्लिफर्डचं नाव कुठेच नव्हतं. शनिवारी कॅमेरा आणि तिपाई विक्रीच्या टेबलावर गेली. ते बघवेना म्हणून तो नदीकडे निघून गेला. तासाभराने घरी आला, तर कॅमेरा जेवणाच्या टेबलावर, आणि ब्रेंडा माहितीपुस्तक वाचतेय.

त्याचे डोळे भरून आले. "तू परत विकत घेतलास? माझ्यासाठी?"

"तुझ्यासाठी?" ब्रेंडाने चष्म्यावरून पाहिलं. "पुढच्या वर्षीचं मुखपृष्ठ कमिटीने मला सांगितलंय. ते काय मोबाइलवर काढू?"

"आणि तिपाई?"

"गेली ती. पाद्रीबाईंनी नेली, वाटाण्याचा वेल चढवायला."

"मग कॅमेरा ठेवणार कशावर?"

ब्रेंडाने त्याला आपादमस्तक न्याहाळलं.

"जरा वाक बघू," ती म्हणाली.